स्वस्त घडीचा चाकू आणि त्याचा टिकाऊपणा : हडपसर-मांजरी बागायत पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

हत्यारांच्या इतिहासात तलवार, कट्यार, दांडपट्टा यांना जे स्थान मिळाले, ते खिशात मावणाऱ्या मिटत्या चाकूला कधीच मिळाले नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. पण माळ्याच्या बंडीच्या खिशात वर्षानुवर्षे वापरून पाते निम्म्यावर आलेला साधा चाकू सहसा कोणी जपून ठेवत नाही. तो पुरता झिजला की भंगारात जातो, किंवा लोहार तो तापवून त्याचे दुसरेच काही घडवतो. परिणामी सामान्य चाकूविषयी वस्तुरूप पुरावा फार थोडा उरतो आणि जो उरतो तो बहुधा उंची, फारसा न वापरलेल्या वस्तूंचा असतो. पूर्वीच्या वस्तू टिकाऊ असत, आताच्या नसतात, हा सर्वत्र ऐकू येणारा समज अशा निवडक साक्षीवर उभा आहे. मोडून गेलेल्या वस्तू साक्ष द्यायला येत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा समज हडपसर आणि त्यालगतच्या मांजरी परिसराच्या संदर्भात तपासून पाहिला आहे. स्वल्प किमतीच्या चाकूचा टिकाऊपणा हा केवळ पोलादाचा गुण नव्हता, तर त्या चाकूला धार, पाणी आणि नवा खिळा देणारी माणसे हाताशी असण्याचाही तो गुण होता, असे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

‘कलम’ हा एक शब्द

मराठीत ‘सुरी’ हा शब्द संस्कृत परंपरेतून आला, तर ‘चाकू’ हा तुर्की शब्द फारसीच्या मार्गाने आला. मिटणाऱ्या लहान पात्याचा या भाषेतील एक जुना निवास दप्तरात होता. बोरूचे टोक तासण्यासाठी कारकुनाजवळ लहान पाते असे; त्याला ‘कलमतराश’ म्हणत. पोलादी टाकाचा प्रसार झाल्यावर बोरू मागे पडला आणि या चाकूचे दप्तरातील कामही संपले.

तथापि ‘कलम’ हा शब्द लेखणीपुरता मर्यादित नव्हता. झाडाची फांदी छाटून दुसऱ्या झाडाशी जोडणे यालाही मराठीत कलमच म्हणतात. तिरका, गुळगुळीत आणि एकाच ओढीत घेतलेला छेद ही गरज दोन्हीकडे सारखी आहे. बोरू वाईट तासला तर अक्षर बिघडते. फांदी वाईट कापली तर सालीखालील जिवंत थर, म्हणजे कँबियम, चिरडतो आणि जोड वाळून जातो. पहिली चूक त्याच दिवशी दिसते, दुसरी दिसायला काही आठवडे जावे लागतात. चाकूचा दर्जा ही ज्याच्यासाठी केवळ सोयीची बाब नव्हती असा ग्राहक कारकुनाच्या नंतर कोणी असेल तर तो बागाईतदार होय.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. मराठी शेतकऱ्याच्या चंचीतले नेहमीचे हत्यार चाकू नव्हे, अडकित्ता होते. शेतातील कापण्याचे काम विळा, कोयता आणि खुरपे यांनी भागत असे. म्हणून मिटत्या चाकूचा इतिहास हा सर्व शेतीचा इतिहास नाही. तो मुख्यतः बागायतीचा, त्यातही कलमे बांधणाऱ्यांचा आणि डोळे भरणाऱ्यांचा आहे.

कालवा आणि बागायत

खडकवासला धरणाचे बांधकाम १८६९ ते १८७९ या काळात झाले. त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे छावणीच्या दक्षिणेकडून हडपसरमार्गे पूर्वेस जातो. या पाण्याने हडपसर-मांजरी पट्ट्याचे रूप पालटले. पुणे शहर आणि छावणी यांची भाजीपाल्याची, फळांची आणि फुलांची गरज भागवणारी बागायत येथे विस्तारली. महात्मा जोतीराव फुले यांची शेती मांजरी येथे होती, ही बाब सर्वश्रुत आहे. त्यांनी काही काळ धातू ओतण्याच्या साहित्याचा व्यापारही केला होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याबरोबरच विलायती यंत्रमालामुळे देशी कारागिरांवर आलेल्या संकटाचीही चर्चा केली आहे. तो विचार मांडणारा लेखक याच कालव्याच्या परिसरात शेती करीत होता, हे विसरता कामा नये.

बागकामाच्या शास्त्रीय प्रयोगांची केंद्रेही जवळच होती. पश्चिम भारताची कृषी-उद्यानविद्या संस्था १८३० मध्ये स्थापन झाली होती. एम्प्रेस गार्डन तिच्याच व्यवस्थापनाखाली आले. गणेशखिंड येथील वनस्पती उद्यान १८७३ चे. आंब्याच्या कलमांविषयी तेथे जे काम झाले त्याची परंपरा पुढे बर्न्स आणि प्रयाग यांच्या १९२१ च्या आंब्यावरील इंग्रजी पुस्तकापर्यंत येते.

पाणी देणे

चाकूचा दर्जा कशावर ठरतो, हे समजण्यासाठी लोहाराच्या भट्टीपाशी जावे लागते. ज्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारणपणे ०.६ ते १ टक्क्यापर्यंत असते, ते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लालबुंद करून पाण्यात वा तेलात बुडवले की अत्यंत कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. या वेळी पृष्ठभागावर रंग चढत जातात. पिवळसर, गवतकाडीचा रंग साधारण २२० ते २३० अंशांना येतो आणि निळा ३०० अंशांच्या आसपास. उष्णतामापक नसलेला लोहार हे रंग पाहूनच काम करी. मराठीत या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणतात. ‘पाणीदार’ हे विशेषण माणसाला लावताना त्यामागची भट्टी बहुधा कोणाला आठवत नाही.

मिटत्या चाकूची अडचण अशी की त्यात दोन वेगळ्या पाण्यांचे पोलाद लागते. पाते पिवळ्या रंगावर थांबवलेले, म्हणजे कठीण हवे. पाठीमागची कमान, जी पाते उघडे व मिटलेले धरून ठेवते, ती निळ्या रंगापर्यंत नेलेली, म्हणजे लवचीक हवी. पात्याच्या बुडाचे भोकही झिजता कामा नये. कारण ते लांबट झाले की पाते डुगडुगते आणि डुगडुगत्या पात्याने सरळ छेद घेता येत नाही. या तिन्ही गोष्टी नीट करायला वेळ लागतो आणि स्वस्त चाकूत नेमका तोच वाचवला जातो. खर्च कमी करणारा कारागीर पात्याला पाणी देतो, पण कमान साध्याच लोखंडाची बसवतो. त्याहून वाईट कारागीर पात्यालाही पाणी देत नाही आणि केवळ चकाकी देऊन विकतो. नवा असताना दोन्ही चाकू सारखेच दिसतात. दुकानात पाहून फरक ओळखता येत नाही, ही या वस्तूच्या व्यापारातील मूळ समस्या आहे.

मुद्रा आणि विश्वास

ही समस्या केवळ भारतीय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्डच्या चाकूवाल्यांची तक्रार अशी होती की जर्मनीतील झोलिंगेनचा स्वस्त माल शेफील्डच्या नावाने विकला जातो. त्यातून ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारी माल चिन्हांचा कायदा झाला आणि पाठोपाठ १८८९ मध्ये भारतातही त्याच स्वरूपाचा कायदा आला. मालावर खोटी मुद्रा उमटवणे गुन्हा ठरला. पण मुद्रा खरी आहे याची हमी म्हणजे पात्याला पाणी नीट दिले आहे याची हमी नव्हे. पुढे झोलिंगेनचा माल स्वतःच्याच नावाने प्रतिष्ठित झाला, हा या प्रकरणातील उपरोध म्हणावा लागेल.

पुण्यात याच सुमारास देशी उद्योगाची चर्चा जोर धरत होती. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये येथे औद्योगिक परिषद भरली. लोखंडाच्या उद्योगातील आद्य प्रयत्नांवरील त्यांचा निबंध १८९२ चा आहे. रानड्यांचा भर लोखंड गाळण्यावर होता, आणि ते स्वाभाविक होते. पण कच्चे पोलाद मिळणे आणि त्यापासून भरवशाचा चाकू होणे यांत मोठे अंतर आहे. जमशेदपूरला १९१२ मध्ये पोलाद तयार होऊ लागले, तरीही हे अंतर आपोआप मिटले नाही.

हे अंतर प्रत्यक्षात भरून काढले ते गावातील लोहाराने, फिरत्या घिसाड्याने आणि शिकलगाराने. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांबरोबर फिरस्त्या जमातींचेही वर्णन येते. ‘शिकलगार’ हा शब्द अरबी-फारसी ‘सैकल’, म्हणजे शस्त्राला चकाकी देणे, यावरून आला आहे. शस्त्रांचा काळ सरल्यावर हेच कसब घरगुती सुऱ्या-चाकूंकडे वळले. सैल झालेला खिळा हातोडीने ठोकून घट्ट करणे, तो तुटल्यास तारेचा तुकडा घालून दोन्ही टोके बसवणे, मऊ पडलेल्या पात्याला पुन्हा पाणी देणे, ही कामे थोड्या पैशांत वा धान्यावर होत असत. चाकू सुमार असला तरी चाले. दुकानात झालेली फसवणूक भट्टीवर दुरुस्त होत असे. पायाने फिरवायच्या दगडी चाकावर उष्णता कमी निर्माण होते, त्यामुळे पात्याचे पाणी उतरत नाही. विजेच्या वेगवान चाकावर पाते कोरडे धरले की धार निळी पडते, आणि निळी पडलेली धार म्हणजे गेलेली धार. तंत्र पुढे गेले आणि चाकूचे आयुष्य कमी झाले, याचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल.

न गंजणारे पाते

१९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले न गंजणारे पोलाद सिद्ध केले. त्याचे सुरुवातीचे चाकू न कापणारे चाकू म्हणून हिणवले गेले. पुढे उष्णताप्रक्रिया सुधारली. परंतु स्वस्त चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या, कार्बन कमी असलेल्या स्टेनलेस पोलादात मूळ मर्यादा कायम राहिली. त्याचे पाते गंजत नाही, पण रॉकवेल मापनपट्टीवर त्याचा कठीणपणा ५० च्या आसपासच घुटमळतो. धार लवकर बोथट होते. शिवाय असे पोलाद कोळशाच्या भट्टीवर रंग पाहून सुधारता येत नाही. त्याला अधिक आणि काटेकोर तापमान लागते. त्यात पोकळ रिबिटे आणि साच्यात ओतलेली प्लास्टिकची मूठ आली. अशी मूठ काढून पुन्हा बसवता येत नाही. जो चाकू दिसायला अधिक टिकाऊ झाला, तो दुरुस्तीच्या कक्षेबाहेर गेला. कार्बन पोलादाच्या जुन्या चाकूवर दोन दिवसांत गंज चढे हे खरे, परंतु तो गंज राखेने घासून निघत असे.

स्वस्त आणि टिकाऊ यांचा मेळ बसतच नाही, असे मात्र नाही. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात १८९० पासून बनणारा ओपिनेल चाकू हे त्याचे उदाहरण होय. लाकडी मूठ, एक पाते, एक खिळा, आणि १९५५ पासून पाते अडकवणारी एक फिरती कडी, एवढाच त्याचा संसार. पाठीची कमान त्यात नाहीच. त्यामुळे दोन पाण्यांचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. काटकसर रचनेत केली गेली, पोलादात नाही.

हडपसर परिसरात या काळात मोठी कारखानदारी आली. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ मध्ये आणि शेजारच्या मुंढव्यात भारत फोर्ज १९६१ मध्ये स्थापन झाली. तप्त पोलादावर घण घालण्याची विद्या या परिसरात जागतिक दर्जाला पोचली, परंतु त्या विद्येचा ग्राहक मोटार-उद्योग होता, माळी नव्हता.

द्राक्षाचे कलम

चाकूच्या दर्जाची खरी परीक्षा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे कलमांची मागणी राज्यभर वाढली. उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याच्या कडेने रोपवाटिका फोफावल्या. दुसरीकडे अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी यांमुळे द्राक्षबागाईतदार डॉगरिज या खुंटाकडे वळले. मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या खुंटावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाचर कलम केले जाते. पाचरीच्या दोन्ही बाजू सपाट आणि सारख्या उतराच्या हव्यात. म्हणून कलमाच्या चाकूला एकाच अंगाने धार दिलेली असते. घरगुती चाकूला ती दोन्ही अंगांनी असते आणि त्यामुळे छेद किंचित वाकडा जातो. एका दिवसात शेकडो कलमे बांधणाऱ्या कुशल मजुराच्या हाती मऊ पात्याचा चाकू आला, तर दुपारनंतरची कलमे सकाळच्या कलमांसारखी राहत नाहीत. तोटा चाकूच्या किमतीत मोजता येत नाही. तो बागेतल्या तुटाळीत मोजावा लागतो आणि एका हंगामाच्या उशिरात.

कायद्याने या बाबीकडे कधीच पाहिले नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रात गणली. शेती, घरकाम वा उद्योगासाठी बनवलेली वगळली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील आदेश निघाला की चाकू बाळगणेच निषिद्ध ठरू शकते. राज्यसंस्थेने चाकूची लांबी मोजली आणि त्याच्यामागचा हेतू पाहिला. त्याला पाणी दिले आहे की नाही, हे ग्राहकाच्या नशिबावर सोडले.

रोपवाटिकांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पद्धतीने दिले आहे. कलमे करणारे अनेक हात आता मिटता चाकू वापरतच नाहीत. दाढीचे पाते वापरतात. ते पातळ असते, कारखान्यात अचूक पाणी दिलेले असते आणि बोथट झाले की टाकून देता येते. पाते बदलल्याने एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागण्याची भीतीही कमी होते, हा त्याचा खरा लाभ आहे. कमान, खिळा, मूठ, धार लावणारा, यांपैकी कोणाचीही गरज उरलेली नाही. पाते आणि कारागीर यांचे नाते येथे तुटले, आणि ते पात्याच्या निकृष्टपणामुळे तुटले नाही.

हडपसरमधील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन सुमारे ४०० एकर जमिनीवर २००० पासून मगरपट्टा नगरी उभारली. कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बागायत पट्ट्याचा मोठा भाग अशा रीतीने इमारतींखाली गेला. मांजरीच्या संशोधन केंद्राच्या शिवारात मात्र पाचर कलमाचा हंगाम अजूनही दरवर्षी येतो.