'ट्रुथ' मासिक (१९३५-१९५६) : एका अल्पसंख्य पंथाचे मुद्रण आणि कायदा

अमेरिकेच्या युटा प्रांतातील मॉर्मन चर्चने १८९० च्या जाहीरनाम्याद्वारे बहुपत्नीत्वाचा त्याग घोषित केला आणि १९०४ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. हा त्याग अमान्य करणारे अनुयायी 'मूलतत्त्ववादी मॉर्मन' म्हणून ओळखले जातात. विखुरलेल्या या गटाला वैचारिक अधिष्ठान देण्याचे कार्य 'ट्रुथ' या मासिकाने केले. चर्चने १९२१ मध्ये बहिष्कृत केलेल्या जोसेफ व्हाइट मसर यांनी जून १९३५ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथून ते सुरू केले. अवैध सहवास हा गंभीर गुन्हा ठरविणारा युटाचा कायदाही त्याच वर्षीचा होय. चर्चच्या आरंभीच्या नेत्यांची प्रवचने पुनर्मुद्रित करून, परंपरा आपण नव्हे तर चर्चनेच सोडली, असे मासिक प्रतिपादन करी.

७ मार्च १९४४ रोजी शासनाने पंथावर धाडी घातल्या. मसर यांच्यासह अनेकांना अटक झाली. मासिक टपालाने पाठविणे म्हणजे अश्लील साहित्याचा प्रसार, असा एक आरोप होता. संघीय जिल्हा न्यायालयाने तो त्याच वर्षी फेटाळला. बहुपत्नीत्वाचा पुरस्कार समाजाला अप्रिय असला, तरी केवळ त्यामुळे मजकूर अश्लील ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र अवैध सहवासाच्या स्वतंत्र खटल्यात मसर यांना १९४५ मध्ये कारावास भोगावा लागला. बहुपत्नीत्वाचा प्रचार न करण्याच्या लेखी हमीवर त्यांची सुटका झाली. तथापि मासिक पुढेही निघत राहिले.

सार्वजनिक नीतीस बाधक कृत्यांचा कट केल्याचा तिसरा खटला १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. कायद्याच्या संदिग्धतेचा प्रश्न उपस्थित करून न्यायालयाने तो युटाकडे परत पाठविला. न्यायमूर्ती रटलेज यांच्या भिन्नमतात मात्र मतप्रचाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा ठळकपणे मांडला गेला. १९५० मध्ये युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने संबंधित तरतूद संदिग्धतेमुळे अवैध ठरविली.

१९५४ मध्ये मसर यांचे निधन झाले आणि १९५६ मध्ये मासिक बंद पडले. तत्पूर्वीच, त्यांच्या उत्तराधिकाराच्या वादातून पंथात फूट पडली होती. खटल्यांना पुरून उरलेले हे मासिक संपादकाच्या पश्चात फार काळ टिकले नाही. आचरणाला शिक्षा करणे आणि त्या आचरणाचे समर्थन छापण्याला शिक्षा करणे यांतील भेद न्यायालयांसमोर आणणे, हे या मासिकाचे ऐतिहासिक महत्त्व होय. त्याने पुरस्कारिलेली प्रथा, विशेषतः तीतील स्त्रियांचे स्थान, आक्षेपार्ह मानणाऱ्या अभ्यासकालाही हा भेद दुर्लक्षिता येत नाही.