फोटो काढून मन सावरतं? 'फोटोथेरपी' म्हणजे नेमकं काय?

ग्रुप फोटो आला की आपण आधी स्वतःला शोधतो आणि लगेच म्हणतो, "डिलीट कर ना, किती वाईट आलाय माझा!" मग याच कॅमेऱ्यामुळे स्वतःबद्दलचं मत बदलू शकतं, असं कुणी सांगितलं तर?

कल्पना तशी जुनीच आहे. इंग्लंडमधल्या सरे इथल्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू वेल्च डायमंड १८५०च्या दशकात रुग्णांचे फोटो काढायचे. स्वतःचा फोटो पाहून रुग्णाला फायदा होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १८५६ मध्ये त्यांनी यावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंधही मांडला. पण कॅमेरा डॉक्टरांच्या हातात होता. रुग्णाला विचारतंय कोण!

हे चित्र उलटं केलं जो स्पेन्स यांनी. लंडनच्या या फोटोग्राफर आधी लग्नांचे, कुटुंबांचे फोटो काढायच्या. १९८२ मध्ये त्यांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं कळलं. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी स्तनावर पेनाने लिहिलं, 'जो स्पेन्सची मालमत्ता?' आणि तसा फोटो काढून घेतला. त्यातलं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. हॉस्पिटलच्या खाटेवर गेल्यावर हे शरीर माझं उरतं का, असा तो सवाल होता.

पुढे रोझी मार्टिन यांच्यासोबत त्यांनी 'फोटोथेरपी'ची पद्धत घडवली. एकजण कॅमेऱ्यासमोर, दुसरी मागे, मग अदलाबदल. कपडे कोणते, प्रसंग कोणता, हे समोरची व्यक्तीच ठरवणार. स्पेन्स कधी लहान मुलगी व्हायच्या, कधी स्वतःची आई. फॅमिली अल्बममध्ये आजारपण, भांडणं, लाज कधीच नसते, ही त्यांची तक्रार होती. (आपल्या घरचे अल्बम आठवा. बारसं, मुंज, लग्न, महाबळेश्वर. संपलं.) तेच नेमकं त्यांनी फोटोत आणलं.

फोटोने आजार बरा होत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. १९९२ मध्ये ल्युकेमियाने त्यांचं निधन झालं. शेवटच्या काळातही त्या फोटोंवर काम करत होत्या.

या क्षेत्रातल्या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी वायझर दोन गोष्टी वेगळ्या मानतात. समुपदेशक उपचारात फोटो वापरतो ती फोटोथेरपी. आपण आपल्यासाठी फोटो काढतो ती उपचारक फोटोग्राफी. दुसरी कुणीही करू शकतं. पण मन सतत खचलेलं असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला, म्हणजे १४४१६ वर, फोन करा.

आता ती सेल्फी. आपल्याला स्वतःचा आरशातला, म्हणजे उलटा चेहरा पाहायची सवय असते, म्हणून फोटोतला चेहरा खटकतो. १९७७च्या एका अमेरिकन प्रयोगात लोकांना स्वतःची आरशासारखी प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटो. शिवाय साधारण एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे नाकाला नावं ठेवण्याआधी फोन कुणाच्या तरी हातात द्या आणि चार पावलं मागे जा.