टो-हिच, झोके आणि उलाळ गाडी

बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. गाडीवान मग मुकाट्याने दोन पोती पुढे सरकवतो. कारमागे घरासारखा ट्रॅव्हल ट्रेलर बांधून हिंडणाऱ्या अमेरिकेनेही याच प्रश्नाशी झटापट केली, फक्त तिथे पोती सरकवण्याऐवजी यंत्रं विकत घ्यायची सवय लागली.

टेक्सासमधल्या मित्राने मध्यंतरी विचारलं, "ट्रेलर घेतोय, टो-हिच कुठला घेऊ?" त्याच्यासाठी थोडा इतिहास चाळला, तोच इथे देतोय.

मूळ गोची अशी. टो-हिचचा गोळा कारच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने ट्रेलर बाजूला ढकलला, की त्या अंतराची तरफ होते आणि कारचं तोंडच वळतं. कार वळली की ट्रेलर उलट झोका घेतो. ठराविक वेगाच्या वर हे झोके विरत नाहीत, वाढत जातात. शेवट रस्त्याकडेच्या खड्ड्यात.

विमानं बनवणारे ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'एरोकार' ट्रेलर काढला. त्यांनी जोड कारच्या मागे लटकवलाच नाही, मागच्या डिकीत आडव्या ठेवलेल्या विमानाच्या टायरमध्ये बसवला. म्हणजे बिजागरीच पुढे सरकवली! आजचे पिकअपच्या हौद्यात जोडायचे 'फिफ्थ व्हील' ट्रेलर याच तत्त्वावर चालतात.

पण सगळ्यांकडे पिकअप कुठून असणार? दुसऱ्या महायुद्धानंतर साध्या सेडानमागे जड ट्रेलर लागले, कारचा मागचा भाग बसायचा आणि पुढची चाकं हलकी व्हायची. त्यावर वजन वाटून देणारा टो-हिच आला. त्याच्या दोन स्प्रिंग पट्ट्या थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. स्टिअरिंग जागेवर येतं. पण हा झोक्यांचा इलाज नव्हे, बरं का! झोक्यांसाठी घर्षणाची पट्टी आली, मग कॅमचे प्रकार. १९९० च्या दशकात 'हेन्स्ली अ‍ॅरो' विकायला आला. त्यातली दांड्यांची जुळणी अशी, की ट्रेलर जणू मागच्या चाकांजवळूनच ओढला जातोय असं वागतो. कर्टिसचीच कल्पना, वेगळ्या वाटेने. पुढे कारच्या सॉफ्टवेअरने झोका ओळखून आपोआप ब्रेक लावायला सुरुवात केली.

आमच्या धंद्यात याला पॅच म्हणतात. पॅच वाईट नसतो, पण मूळ बग तसाच ठेवून लावलेला पॅच धोक्याचा, कारण तो नेमका जास्त लोडवर फाटतो.

इथे बग म्हणजे वजनाची मांडणी. अमेरिकेतला ठोकताळा असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टो-हिचवर यावा. २,५०० किलोचा ट्रेलर असेल तर २५० ते ३७५ किलो. सायकली आणि पाण्याची टाकी मागे गेली की हा आकडा घसरतो आणि गाडी उलाळ. मग कितीही महागडं यंत्र लावा, ते फक्त वाईट बातमी उशिरा सांगतं.

म्हणून मित्राला क्रम सांगितला. आधी सामान भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर जा. स्प्रिंग पट्ट्या काढून ट्रेलर जोडलेल्या कारचं वजन घे, त्यातून नुसत्या कारचं वजा कर. उरेल तो टो-हिचवरचा भार. तो कारच्या आणि टो-हिचच्या मर्यादेत बसतो का ते बघ. मग वजन वाटणारा टो-हिच निवड आणि झोके रोखणारं यंत्र सगळ्यात शेवटी. तरीही झोके सुरू झालेच तर कारचा ब्रेक दाबू नकोस. अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लाव.

त्याचं म्हणणं पडलं, "एवढं वजनबिजन कोण करतो?" असो. मागच्या सीटवर त्याची दोन पोरं बसणार आहेत, म्हणून मीही हट्ट सोडलेला नाही. तुम्हीही कुणाला ट्रेलर घेताना बघितलंत, तर ब्रँडच्या आधी काटा विचारा.