हा शब्द कोणाचा?

ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरी नातेवाईक आले की चहा होण्याच्या आत एक प्रश्न येतोच. "मग, बोलायला लागला का?" विचारणारा मायेनेच विचारतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण या मुलांना बोलतं करण्याच्या प्रयत्नांचा गेल्या ऐंशीएक वर्षांचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवत राहिलं, की खरा प्रश्न दुसराच आहे. तोंडातून, कार्डातून किंवा यंत्रातून जो शब्द निघाला तो कोणाचा? मुलाचा, की समोरच्या मोठ्या माणसाचा? या प्रश्नावर भलीभली माणसं अडखळली आहेत.

सुरुवात १९४३ पासून करावी लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी ११ मुलांबद्दल एक लांबलचक निबंध लिहिला. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याची ओळख तिथून रुजली. गंमत म्हणजे त्या ११ मुलांपैकी ८ जणांना बोलता येत होतं, फक्त ३ बोलत नव्हती. आणि तरी कॅनर यांनी लिहून ठेवलं, की संवादाच्या दृष्टीने या आठांत आणि त्या तिघांत मूलभूत फरक काहीच नाही! त्यांचा पहिला पेशंट डोनाल्ड. त्याला आंघोळ करावीशी वाटली की तो आईला विचारायचा, तुला आंघोळ करायचीय का? आई त्याला जे विचारायची तेच वाक्य जसंच्या तसं परत. मराठी घरांतही हे अगदी असंच दिसतं. मुलाला तहान लागलेली असते आणि ते म्हणतं, "तुला पाणी हवंय?" वाक्य आईचं, तहान त्याची.

त्याच निबंधातली आणखी एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. डोनाल्ड 'हो' म्हणत नसे. वडिलांनी सांगितलं, हो म्हण, म्हणजे खांद्यावर घेतो. तो शिकला. पण मग 'हो' या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ झाला 'मला खांद्यावर घ्या'. त्या खांद्यावरून तो शब्द सुटा व्हायला कित्येक महिने गेले. बक्षीस देऊन शब्द शिकवता येतो आणि बक्षिसाला चिकटलेला शब्द तिथेच अडकून बसतो, या दोन्ही गोष्टी त्या एका नोंदीत आहेत. पुढची चाळीस वर्षं याच दोन गोष्टींची ओढाताण आहे.

मधला बराच काळ वाया गेला. आई थंड, माया नाही, म्हणून मूल असं झालं, हा सिद्धांत अमेरिकेत जोरात होता. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्याला आणखी हवा दिली. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता) १९६४ सालीच हे सगळं खोडून काढणारं पुस्तक लिहिलं होतं, म्हणून निदान आयांची सुटका सुरू झाली. असो. त्या काळाबद्दल लिहायला लागलं की राग येतो आणि मूळ विषय बाजूला राहतो.

मुलांना प्रत्यक्ष शिकवायला बसला तो इवार लोवास. मूळचा नॉर्वेचा, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्राध्यापक. त्याचा आणि सहकाऱ्यांचा १९६६ चा 'सायन्स'मधला निबंध वाचताना अंगावर काटाही येतो आणि कौतुकही वाटतं. ६ वर्षांची, अजिबात न बोलणारी दोन मुलं. आठवड्याचे ६ दिवस, रोज ७ तास. आधी मुलाने कुठलाही आवाज काढला की तोंडात घास. मग शिक्षकाने आवाज काढल्यावर काही सेकंदांत आवाज काढला तरच घास. मग तो आवाज शिक्षकाच्या आवाजासारखा असला तर. असं करत करत अक्षरं, मग शब्द. ज्या मुलांना संस्थेत ठेवून विसरून जायचा रिवाज होता, ती मुलं शिकू शकतात हे या माणसाने दाखवलं. पण त्याच खोलीत ओरडणं, चापट्या आणि विजेचे झटकेही होते. १९६५ साली 'लाइफ' मासिकाने त्याचे फोटो छापले, लपूनछपून काहीच नव्हतं. आज ऑटिझम असलेली कित्येक मोठी माणसं या शिक्षणपद्धतीबद्दल कडवटपणे बोलतात, त्याचं मूळ तिथे आहे.

१९७३ मध्ये त्याच गटाने २० मुलांचं पुढे काय झालं ते छापलं. जी संस्थेत परत गेली त्यांचं शिकलेलं पुसलं गेलं. ज्यांच्या आईवडिलांना पद्धत शिकवली होती त्यांचं टिकलं. आज थेरपिस्ट आईला शेजारी बसवून शिकवतात, त्यामागे असे अनुभव आहेत. पुढे १९८७ चा त्याचा गाजलेला अभ्यास आला. आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जण साध्या शाळेत पहिली पास झाले. त्या आकड्यावर वाद खूप झाले, कारण कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं.

माझी अडचण वेगळीच आहे. या पद्धतीत पहिला शब्द नेहमी मोठ्या माणसाचा. 'म्हण, बॉल.' 'हे काय आहे?' मूल उत्तर द्यायला शिकतं. कोणी विचारलं नाही तर मात्र गप्प बसतं.

१९८५ हे साल म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी ४ मुलांचा एक छोटासा अभ्यास छापला. वर्गात आरडाओरडा, मारणं, स्वतःला इजा करून घेणं असं वागणारी मुलं. या दोघांनी आधी शोधलं की हे नेमकं कधी होतं. कोणाचं काम अवघड झालं की, कोणाचं लक्ष मिळालं नाही की. मग त्या त्या मुलाला तेवढंच एक वाक्य शिकवलं. एकाला 'मला कळत नाहीये' या अर्थाचं, दुसऱ्याला 'माझं बरोबर चाललंय का?' अशा अर्थाचं. ओरडणं झपाट्याने कमी झालं. वाक्यांची अदलाबदल केली, म्हणजे लक्ष हवं असलेल्याला 'कळत नाही' शिकवलं, तर फरक पडला नाही. ते ओरडणं म्हणजे बोलणंच होतं. आपल्याकडे ज्याला सरसकट 'हट्टी आहे हो' म्हणतात, त्यातलं किती असं असेल!

त्याच वर्षी डेलावेअर राज्याच्या ऑटिझम प्रोग्रॅममध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांची देवाणघेवाण सुरू केली. आज ती 'पेक्स' म्हणून माहीत आहे. वरवर बघितलं तर चित्रांची कार्डं, त्यात विशेष काय? पण पहिला धडा कसा होतो ते बघा. मुलाला आवडणारी वस्तू, समजा बिस्किट, समोरच्या माणसाच्या हातात. टेबलावर बिस्किटाचं चित्र. समोरचा माणूस काही म्हणजे काही बोलत नाही. 'काय हवंय?' विचारायला बंदी. मुलाच्या पाठीमागे दुसरा माणूस बसलेला असतो. मुलाने बिस्किटाकडे हात नेला की तो मुकाट्याने तो हात चित्राकडे वळवतो, चित्र उचलायला आणि समोरच्याच्या हातात ठेवायला लावतो. ठेवल्याक्षणी बिस्किट मिळतं आणि 'बिस्किट!' असा शब्दही ऐकू येतो. मग मागचा माणूस आपली मदत कमी कमी करत नाहीसा होतो. पुढच्या पायरीवर समोरचा माणूस लांब जाऊन बसतो. मुलाने उठायचं, वही शोधायची, चित्र काढायचं, माणूस गाठायचा. 'तुला काय हवंय?' हा प्रश्न येतो थेट पाचव्या पायरीला!

घास देऊन शिकवण्याचं शास्त्र लोवासचंच आहे, त्यात बदल नाही. उलटली आहे ती सुरुवात. इथे पहिलं पाऊल मुलाचं. अर्थात ही काही जादू नाही. इंग्लंडमध्ये ८४ मुलांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात दिसलं, की मार्गदर्शन चालू असेपर्यंत मुलं आपणहून जास्त मागायला लागली, आणि मार्गदर्शन थांबल्यावर तो फायदा टिकला नाही. वही कपाटात गेली की संपलं.

आता या इतिहासातलं सगळ्यात दुःखद प्रकरण. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रोझमेरी क्रॉस्ली यांनी सुरू केलेली एक पद्धत सिराक्यूज विद्यापीठाच्या डग्लस बिकलेन यांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेत आणली. मुलाचा हात किंवा मनगट मदतनीस धरतो आणि मूल कीबोर्डवर टाइप करतं. एक अक्षर न बोललेली मुलं एकदम कविता लिहायला लागली, 'आई, माझं तुझ्यावर प्रेम आहे' लिहायला लागली. त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कोण शंका घेईल? पण काही ठिकाणी टाइप होऊन आलं की वडील अत्याचार करतात. प्रकरणं कोर्टात गेली, आणि मग 'हा शब्द कोणाचा' हे तपासणं भागच पडलं.

तपासणी अगदी साधी होती. मुलाला एक चित्र दाखवायचं, मदतनिसाला दुसरं, आणि एकमेकांचं दिसू द्यायचं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात १२ जणांची अशी परीक्षा झाली, १९९३ मध्ये निकाल छापून आला. चित्रं वेगळी असताना एकाचंही उत्तर बरोबर आलं नाही. टाइप व्हायचं ते मदतनिसाने पाहिलेलं. त्या बायका-माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे प्लँचेटवर वाटी सरकते आणि कोणीच ढकललेली नसते, तसंच हे. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला आधार नाही असा ठराव केला. काही मदतनीस हे कळल्यावर कोलमडून गेले. आणि आयांचं काय? मुलाचा आवाज एकदा मिळाला आणि पुन्हा गेला, याला काय म्हणायचं?

याच्याशी भारताचाही धागा आहे. सोमा मुखोपाध्याय यांनी आपल्या मुलाला शिकवण्यासाठी घडवलेली पद्धत २००१ मध्ये त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेली. तिथे हात धरत नाहीत, पण अक्षरांचा बोर्ड मोठ्या माणसाच्या हातात असतो आणि सतत सूचना चालू असतात. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असंच सांगितलं, कारण शब्द मुलाचाच आहे हे कोणी दाखवून दिलेलं नाही. मुलावर प्रेम असणं आणि तपासून घेणं यांत विरोध का वाटावा, हे मला कळत नाही. अर्थात मला बाहेर उभं राहून हे म्हणणं सोपं आहे.

यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न बराच सुटतो. बटण मूल स्वतः दाबतं, त्याच्या हाताला कोणी हात लावत नाही. बोलकी यंत्रं आधीपासून होती, पण त्यांच्या किमती हजारो डॉलरमध्ये. २००९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका कंपनीचं 'प्रोलोक्वोटूगो' आयफोनवर आलं, दीडशे डॉलरच्या आसपास. २०१० मध्ये आयपॅड आला आणि चित्र पालटलं. चेन्नईला अजित नारायणन यांच्या कंपनीने 'आवाज' हे यंत्र त्याच सुमारास तयार केलं, पुढे त्याचं अॅप झालं. मुंबईत आयआयटीच्या डिझाइन विभागात 'जेलो' तयार झालं, ते मराठीतही बोलतं. त्यात चित्रांच्या बाजूला 'आवडतं', 'हो', 'अजून', 'नको' अशा अर्थाची बटणं असतात. एकदा दाबलं तर आवडतं, दोनदा दाबलं तर खूप आवडतं.

"मशीन दिलं तर तो बोलायचा राहील", ही भीती प्रत्येक आजीला असते, काही डॉक्टरांनाही. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी जुने अभ्यास चाळून २७ जणांच्या विश्वासार्ह नोंदी बाजूला काढल्या. एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलंच होतं. २०१४ मध्ये कॉनी कसारी यांच्या गटाने जेमतेम बोलणाऱ्या ६१ मुलांना खेळाखेळात शिकवलं. त्यातल्या निम्म्यांना सुरुवातीपासून बोलकं यंत्रही दिलं आणि मोठी माणसंही बोलताना ते यंत्र वापरत होती. ती मुलं आपणहून जास्त बोलली.

मराठीत मात्र एक घोळ आहे. इंग्रजी वहीत 'मला हवं' हे एकच कार्ड पुढे चिकटवायचं आणि मागे काहीही लावायचं, झालं वाक्य. आपल्याकडे 'मला' पुढे आणि 'हवं' मागे. त्यात पुन्हा पाणी हवं, चहा हवा, पोळी हवी! पाच वर्षांच्या मुलाने वस्तू मागायची की लिंगविचार करायचा? 'दे' हा शब्द त्यापेक्षा कितीतरी बरा. पाणी दे, चहा दे, पोळी दे, काही बदलत नाही. आजोबांना 'दे' म्हटलं म्हणून कोणी रागावू नये.

आणि 'नको'. इंग्रजीला अख्खं वाक्य लागतं तिथे आपला हा दोन अक्षरी शब्द पुरतो. तरी वह्या उघडून बघितल्या तर पहिल्या पानावर बिस्किट, बॉल, झोका, मोबाइल. 'नको', 'पुरे', 'दुखतंय' ही कार्डं असलीच तर शेवटच्या पानावर. कारण उघड आहे. 'बिस्किट' म्हटल्यावर बिस्किट देऊन मोकळं होता येतं. 'नको' म्हटल्यावर आपल्यालाच थांबावं लागतं.