दारात आलेली विमाने



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा एखादी पाककृती द्यावी असेच प्रथम मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण इतिहास वाचण्याची आवड आहे, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील एक हकीकत सांगते.

१६ डिसेंबर १९४३, गुरुवार. त्या दुपारी इंग्लंडमधून ४८३ लँकेस्टर विमाने बर्लिनवर बाँब टाकण्यास निघाली. एकेका विमानात सातजण. बहुतेक विशी-पंचविशीतली मुले. जाऊन येऊन सुमारे सात तासांचा प्रवास. बाहेर कडाक्याची थंडी, खाली शत्रूच्या तोफा. २५ विमाने तिकडेच पडली. बाकीची मध्यरात्रीच्या सुमारास इंग्लंडला पोचली. वैमानिकांना वाटले असेल, सुटलो!

पण खाली धुके होते. ढग जमिनीला टेकल्यासारखे झाले होते. धावपट्टीचे दिवे दिसेनात. सगळी विमाने एकदम उतरू शकत नाहीत, म्हणून प्रत्येकाला ठरावीक उंचीवर घिरट्या घालीत थांबावे लागे. इकडे पेट्रोल संपत आलेले. कोणी दिवे शोधीत खाली आले आणि झाडांवर, शेतांत आदळले. काहींनी विमान सोडून हवाई छत्रीने उड्या टाकल्या. केंब्रिजजवळच्या बोर्न तळावरच्या ९७ व्या तुकडीची २१ विमाने गेली होती, त्यांतली सात परतल्यावर अशी नष्ट झाली. एकंदर २९ लँकेस्टर विमाने आपल्याच देशात गमावली. शत्रूने पाडली त्याहून ही संख्या जास्त! या अपघातांत सुमारे दीडशे तरुण गेले. त्या दिवसाला तिकडे 'काळा गुरुवार' म्हणतात.

यात आपल्या बायकांचाही भाग आहे. स्त्रियांच्या हवाई दलातील मुली तळांवर काम करीत. कोणी मोटारीने वैमानिकांना विमानापर्यंत सोडी, कोणी बिनतारी यंत्रावरून परतणाऱ्या विमानांशी बोले. संध्याकाळी ज्यांना निरोप दिला त्यांचा आवाज रात्री कानी यावा आणि मग येईनासा व्हावा, हे त्या मुलींनी कसे सोसले असेल? आपल्या घरातले माणूस यायला तासभर उशीर झाला तर आपण दहा वेळा दाराशी जातो.

धुक्यावर एक उपाय तेव्हा नुकताच निघाला होता. त्याचे नाव 'फिडो'. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना नळ टाकून त्यांतून पेट्रोल जाळीत. ऊन चढले की सकाळचे धुके विरते ना, तसे त्या आचेने धावपट्टीवरचे धुके विरे. ग्रेव्हली येथे तो होता, पण बहुतेक तळांवर अजून नव्हता. पेट्रोल मात्र तासाला हजारो गॅलन लागे. तरीही पुढे तो आणखी तळांवर बसविला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे अडीच हजार विमाने त्याच्या आधाराने उतरली.

त्याच रात्री बर्लिनमध्येही घरे कोसळली, तिकडच्या आयांचीही मुले गेली. दोन्हीकडे वाट पाहणारी बाईच होती. म्हणून मला वाटते, आपल्या मुलांना लढायांच्या तारखांबरोबर या रात्रीचीही गोष्ट सांगावी. जिंकणाऱ्याच्या दारातही किती रडणे झाले, हे त्यांना कळले पाहिजे.

लिहिण्यात चूकभूल झाली असल्यास सांभाळून घ्यावे.