प्रश्न कोण विचारतंय?



फौजेत धडा संपला की उस्ताद विचारतो, "कोई शक?" सगळे एका सुरात ओरडतात, "नहीं साहब!" सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसरने "कोई तकलीफ?" विचारलं, तरी बहुतेक वेळा उत्तर तेच. खरी तक्रार ऐकायला येते ती लंगरच्या रांगेत. असं का होतं, हे १९४२ सालच्या एका पाहणीवरून चांगलं कळतं.

ठिकाण अमेरिकेतलं मेम्फिस शहर. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात नुकतीच उतरली होती. तिथे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, सैन्यातल्या पलटणीही वेगळ्या. नॅशनल ओपिनियन रिसर्च सेंटर या संस्थेने कृष्णवर्णीय नागरिकांना काही प्रश्न विचारले. प्रश्न सगळ्यांना तेच. पण काहींकडे गोरा प्रश्नकर्ता पाठवला, काहींकडे कृष्णवर्णीय.

सैन्य कृष्णवर्णीयांवर अन्याय करतं का? आपल्यातल्या माणसाला ३५ टक्के लोकांनी 'हो' सांगितलं, गोऱ्याला फक्त ११ टक्क्यांनी. आधी शत्रूला हरवायचं की देशातली लोकशाही सुधारायची? 'आधी शत्रू' म्हणणारे गोऱ्यापुढे ६२ टक्के, आपल्या माणसापुढे ३९.

हे लोक खोटारडे होते का? मुळीच नाही. गोऱ्या माणसापुढे तोंड उघडण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. आणि आपल्या माणसापुढेही सगळं मनातलंच निघालं असेल असं नाही. भीड तिथेही असतेच.

अमेरिकी सैन्याच्या संशोधन शाखेने हे ओळखलं होतं. समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या देखरेखीखाली युद्धकाळात लाखो सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. कागदावर नाव लिहायचं नाही आणि खोलीत अधिकारी थांबायचा नाही, अशी ती पद्धत. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. मेम्फिसमध्ये गोऱ्यांनी आणलेल्या आकड्यांवरच कोणी विसंबलं असतं, तर अन्यायाची फारशी तक्रारच नाही, असं खुशाल म्हणता आलं असतं.

म्हणून कुठल्याही पाहणीत "९० टक्के लोक समाधानी" असं वाचलंत, तर आधी दोन गोष्टी बघा. प्रश्न कोणी विचारला? आणि उत्तर देताना शेजारी कोण उभं होतं?

जय हिंद.