दिलेला डगला, निवडलेला कोट

आपल्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. कुणीतरी शहाणा म्हणतो, एवढ्या उकाड्याच्या देशात बाबासाहेबांनी कोट कशाला घातला? साहेबाची नक्कल कशाला? दुसरा म्हणतो, लग्नात सूट शिवायचा का, कोर्टात काय घालायचं, मुलाखतीला काय? पहिल्याला आपण शिव्या घालतो आणि दुसऱ्याला हसतो. दोघांनाही उत्तर द्यायला पाहिजे. ते इतिहासात आहे.

साहेबाच्या किंवा शेटजीच्या पोराला कोट निवडताना दोनच गोष्टी बघाव्या लागतात. हंगाम कोणता नि प्रसंग कोणता. थंडी असेल तर लोकर, उन्हाळा असेल तर सुती. कचेरीला एक, लग्नाला एक. आपल्या माणसाला त्याआधी तिसरा प्रश्न होता. परवानगी आहे का? हा तिसरा प्रश्न ज्याला कधी पडला नाही त्याने आपल्याला साधेपणा शिकवू नये.

परवानगीचं मूळ कुठं आहे ते बघा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात 52 वा श्लोक आहे. चांडाळाने मढ्यावरचे कपडे घालावेत असं तो सांगतो. त्याच अध्यायातला 125 वा श्लोक शूद्राला उष्टं अन्न आणि जुनेर द्यायला सांगतो. म्हणजे नवं कापड आपल्यासाठी नाहीच. आधी दुसऱ्याने वापरायचं, मग टाकायचं, मग आपण पांघरायचं. वरच्यांच्या अंगावर अंगरखा, बाराबंदी, उपरणं. आपल्या बापजाद्याच्या अंगावर लंगोटी नि खांद्यावर घोंगडी. पाऊस आला की त्याच घोंगडीची खोळ, थंडी आली की तेच पांघरूण, रात्री तेच अंथरूण. तीन हंगामांना एक घोंगडी! आणि वर हेच लोक म्हणणार की ह्यांना कपड्याची आवड नाही.

मग अंगात पहिला डगला आला तो कंपनी सरकारचा. लाल डगला. कंपनीच्या शिपायांत आपले लोक होते. 1 जानेवारी 1818 ला भीमा कोरेगावला लढले, आणि तिथल्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महारांची नावं कोरलेली आहेत. ज्या पेशवाईत आपली सावली चालत नव्हती तिच्या फौजेसमोर आपला माणूस बटणं लावलेला डगला घालून उभा राहिला. त्या लाल रंगाचा अभिमान धरायला हरकत नाही. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. तो डगला दिलेला होता. देणाऱ्याची मर्जी फिरली की तो काढून घेता येत होता, आणि तसंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे 1910 साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज घेऊन गेले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली, युद्ध सरलं आणि 1921 साली ती मोडली. दुसरं युद्ध आलं, 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की डगला घाल, गरज सरली की काढ. बँडवाल्याचा लाल कोट, पट्टेवाल्याचा कोट, हॉटेलातल्या वेटरचा कोट, सगळ्यांची हीच जात. मापही दुसऱ्याचं आणि बटणांवरचं नावही दुसऱ्याचं.

आता दुसरी बाजू बघा. चांगला कपडा घातला की जात जाते का? नाही जात. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये 1901 सालची हकीगत लिहून ठेवली आहे. वडील गोरेगावला नोकरीवर होते. भीमराव आणि बरोबरची पोरं सुट्टीत त्यांना भेटायला निघाली. प्रवासासाठी नवे इंग्रजी धर्तीचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना निघाल्याचं पत्र मिळालं नव्हतं, न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशन मास्तरने कपडे बघून विचारपूस केली, त्याला वाटलं बामणाची पोरं आहेत. पोरांनी खरं सांगितलं, आम्ही महार. मास्तर मागं सरला. मग गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं ठरलं आणि पोरांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवाला बाजूने चालत येणार. कपडे तेच, पोरं तीच. मधे फक्त एक शब्द आला. पुढं 1917 साली अमेरिका-विलायतेतून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तर पारशाच्या विशीत खोटं नाव सांगून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. तेव्हा कोणी सांगत असेल की सूट शिवला की सुटलो, त्याला ह्या दोन गोष्टी सांगा.

मग तुम्ही म्हणाल, कपड्याने जात जात नाही तर कपड्यासाठी भांडायचं कशाला? उत्तर बंदी घालणाऱ्यांनीच दिलं आहे.

1928 साली इंदूर भागातल्या पंधरा-एक गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना हुकूम काढला. जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी दागिने घालायचे नाहीत, नक्षीदार घागरे नि जाकिटं घालायची नाहीत. ऐकलं नाही तेव्हा पाणी तोडलं, वाट तोडली, गावं सोडायला लावली. बाबासाहेबांनी हे 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये छापून जगापुढे ठेवलं. तिकडे तमिळ मुलखात, रामनाडला, डिसेंबर 1930 मध्ये कल्लर जातीच्या लोकांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. त्यात चक्क लिहिलेलं आहे की पुरुषांनी कोट, सदरा, बनियन घालायचा नाही. धोतर गुडघ्याखाली जायचं नाही. बाईने छाती झाकायची नाही. केस कापायचे नाहीत. ऊन असो की पाऊस, छत्री धरायची नाही, पायात वहाण घालायची नाही. नीट वाचा. ह्यात हंगामसुद्धा हिरावून घेतला आहे. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो म्हणणाऱ्या कवींनी ही आठवी बंदी पाठ करावी.

कोट म्हणजे नुसतं कापड असतं तर त्यावर बंदी कोण घालतं? बंदी घालणाऱ्याला ठाऊक होतं की ताठ खांद्याचा माणूस वाकून जोहार घालत नाही.

आता बाबासाहेबांच्या सुटाकडे या. 1913 साली ते न्यूयॉर्कला गेले, नंतर लंडनला. तिथे हिवाळ्यात कोट लागतोच. ही झाली हंगामाची गोष्ट. पण गोलमेज परिषद ही प्रसंगाची गोष्ट आहे. नोव्हेंबर 1930 मध्ये लंडनला ती भरली. अस्पृश्यांच्या वतीने तिथे बोलायला उभा राहिलेला माणूस पूर्ण सुटात होता. संस्थानिक फेटे-दागिन्यांत, आणि आमचा माणूस त्यांच्या रांगेत, त्यांच्या इतकाच इस्त्रीचा. पुढच्या वर्षी 1931 साली दुसऱ्या परिषदेला गांधी पंचा नेसून आले आणि तसेच राजवाड्यात चहाला गेले. गांधींनी 1921 साली मदुरेला तो वेष घेतला. त्या आधी ते बॅरिस्टर म्हणून सूट घालत होते. म्हणजे त्यांच्याकडे सोडायला काहीतरी होतं. ज्याच्या बापाला सक्तीने उघडं ठेवलं त्याने पंचा नेसला तर त्याग होत नाही, ती जुनीच शिक्षा चालू राहते. एकाने कपडा उतरवून राजकारण केलं, एकाने चढवून केलं. कुणाला कुठून सुरुवात करावी लागली ते बघितल्याशिवाय दोघांची तुलना करू नका.

पण मी सुटाची आरती करायला बसलो नाही. जोतीराव फुले आठवा. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाचा मोठा समारंभ होता. सगळे भरजरी पोशाखात. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि पाहुण्याला सांगितलं की खरा हिंदुस्थान ह्या जरीत नाही. जोतीराव ठेकेदारी केलेला माणूस, चांगला पोशाख त्यांना परवडत होता. त्यांनी प्रसंग बघून घोंगडं निवडलं. बाबासाहेबांनी प्रसंग बघून सूट निवडला. दोघांच्या कपड्यात उत्तर-दक्षिणेचं अंतर आहे, तरी दोघांनी एकच गोष्ट केली. निवड स्वतः केली.

बाबासाहेब एकाच कोटात अडकले नव्हते हेही ध्यानात घ्या. 1923 पासून मुंबईत वकिली केली तो काळा कोट वेगळा. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, तेव्हाच बायकांना सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं पायघोळ नेसा, जात दाखवणारे ते जड दागिने टाका. नि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्म घेताना अंगात पांढरं धोतर आणि पांढरा कोट. समोर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यात. मढ्यावरचं जुनेर घालायला सांगितलेल्या लोकांनी त्या दिवशी एकजात धुतलेलं पांढरं घातलं. मनूच्या त्या श्लोकाला ह्याहून मोठा जबाब कुठल्या पुस्तकात नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, तो विटाळतो म्हणून. विणाईला पगार जास्त, आणि तिथलं दार बंद. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. सूत आम्ही काढायचं, पण कापड विणायचं नाही. आणि विणलेलं कापड अंगावर घ्यायचं तर गावाची परवानगी. कोटाचा इतिहास फक्त शिंप्याच्या दुकानात शोधू नका, तो साच्यावरसुद्धा आहे.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. तर कायदा उघडून बघा. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, 26 जानेवारी 2016 पासून ती लागू आहे. सायकल चालवणं, पायात वहाण घालणं, सार्वजनिक जागी नवे कपडे घालणं, लग्नाची वरात काढणं, घोड्यावर बसणं, ह्यात दलिताला आडवं येणं हा गुन्हा आहे असं त्यात लिहिलं आहे. नवे कपडे! एकविसाव्या शतकात पार्लमेंटला हे शब्द लिहावे लागले. आणि तरी 2023 साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे नि गॉगल घातला म्हणून मारलं. रामनाडची यादी फाटलेली नाही, ती अजून कुणाच्या तरी खिशात आहे.

तेव्हा आता कामाचं बोलू. कोट घ्यायचा तर कसा? मुंबई-कोकणात लोकरीचा कोट अंगाला चिकटतो. सुती किंवा तागाच्या कापडाचा, अर्ध्या अस्तराचा शिवा. नागपूर-विदर्भाच्या थंडीत जाडसर चालतो. पावसाळ्यात मोर्चाला कोट नको, रेनकोट नि पायात धड वहाण पाहिजे. खांदा मापात बसला पाहिजे, बाकी शिंपी सुधारून देतो, खांदा सहसा सुधारत नाही. वकील पोरांनी लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्ट नि हायकोर्ट सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. बार कौन्सिलच्या नियमात आहे. मुलाखतीला एकच साधा गडद कोट पुरतो. आणि लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढून सूट शिवू नका. कर्जाचा कोट पुन्हा दिलेलाच डगला होतो, देणारा फक्त बदलतो.

एक शेवटचं. आपल्या भाषेत कोट म्हणजे गावाची तटबंदीसुद्धा. त्या कोटाबाहेर आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठेवलं. आता आपल्यातले काही शिकले, ऑफिसर झाले, अंगावर कोट आला. त्या कोटाची पुन्हा तटबंदी होऊ देऊ नका. शिबिरात एखादा पोरगा फाटक्या सदऱ्यात येतो, त्याला मागच्या रांगेत बसवलंत तर अंगातला कोट बाबासाहेबांचा नाही, पाटलाचा आहे असं समजा. त्याला पुढं बोलवा. जागा द्या. थंडी असेल तर कोट काढून त्याच्या खांद्यावर टाका. उद्या तो स्वतःचा स्वतः निवडील.